तिसरी हाक

रात्रीची जेवणं आटोपली की घोडपदेवच्या चाळीतली पोरं गॅलरीत जमतात आणि रामदासतात्यांना गोष्टीसाठी छळतात. त्या रात्री तात्या म्हणाले, "सांगतो. पण हसलात तर उठून जाईन. भिवा माझा गाववाला होता."

गेल्या मार्गशीर्षातली अमावास्या. भिवाच्या नातवाला ताप भरलेला, मुलगा अभय रात्रपाळीला, म्हणून सून दर्शनाने भिवाला औषध आणायला धाडलं. रस्त्यापलीकडचं मेडिकल उशिरापर्यंत उघडं असतं. भिवा काठी टेकत गेला, औषध मिळालं. इथवर सगळं सरळ.

आता भिवा कोण ते ऐका. कोकणात आमची तरवाडी. पाठीला डोंगर, पुढ्यात नदी, आणि एस.टी. थांबणार ती नदीपलीकडे. भिवा तिथला तारी, म्हणजे होडीवाला. पूल नव्हता तोवर बाळंतीण असो की मढं, सगळं भिवाच्या होडीतून. पलीकडून "ओऽऽ तारीऽऽ!" अशी हाक आली की भिवा वल्हं उचलायचा. पण अंधार पडल्यावर नियम एकच. तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. जे माणूस नसतं त्याला तिसरी हाक जमत नाही, आवाज मात्र ते आपल्याच माणसाचा घेतं. हसू नका रे, शहाण्यांनो! तुमच्या आज्यांनीही हा नियम पाळलाय.

भिवाची बायको सुंदराबाई माहेरी गेली होती. दुसऱ्या दिवशी यायची, पण अंगात ताप आणि घरची ओढ, आदल्या रात्रीच्याच गाडीने आली. नवऱ्याचं नाव कसं घेणार? तिनेही चारचौघांसारखं "तारीऽऽ" म्हणूनच पुकारलं. भिवाने आवाज ओळखला. ओळखला म्हणूनच जास्त घाबरला. एक हाक. दुसरी. मग काही नाही. दात आवळून तो तिसरीची वाट बघत राहिला. ओहोटी होती, नदीचं पाणी उतरलेलं. नवरा झोपला असेल असं समजून ती बिचारी पाण्यात उतरली असावी. सकाळी खालच्या वळणावर सापडली.

त्यानंतर भिवाने होडी पाण्यात घातली नाही. पुढे पूल झाला, वाडी ओस पडली, आम्ही सगळे या चाळीत आलो. पण तो माणूस मनातून त्याच काठावर बसलेला. मला एकदाच म्हणाला, "रामा, तिच्या अंगात दोनच हाकांचा बळ होता रे."

तर त्या रात्री. मेडिकलशेजारी मनू पानाची टपरी बंद करत होता. भिवा चालता चालता थांबला.

"ऐकलंस?"

"काय, आबा?"

मनूला काहीच ऐकू आलं नव्हतं. रस्ता रिकामा. गाडी नाही... कुत्रं नाही...

भिवाने मान वळवली.

"दुसरी..."

त्याने औषधाची बाटली मनूच्या हातात दिली. "दर्शनाक नेऊन दी. पोराक ताप आसा."

"आणि तुम्ही?"

भिवा रडत होता. हसतही होता. मग छाती फुटेल असा ओरडला, "येतंय गोऽऽ! पाण्यात उतरा नको..."

तिसरीची वाट त्याने बघितली नाही.

मनू औषध देऊन धावत परत आला. रस्त्यावर कोणी नाही...

पहाटे अभय कामावरून आला, तर भिवा चाळीच्या खालच्या पायरीवर टेकून बसलेला. गेलेला. चेहरा मात्र असा निवांत, जन्मात कधी पाहिला नव्हता.

तात्यांनी पोरांकडे पाहिलं. कोणी हसलं नाही.

"त्याला शेवटची आंघोळ मी घातली," ते म्हणाले. "मुठी घट्ट मिटलेल्या. एकेक बोट सोडवलं..."

"मग?" पोरांतल्या विनीतने हळूच विचारलं.

"दोन्ही तळव्यांना फोड. ताजे, पाण्याने भरलेले. रात्रभर वल्हं मारणाऱ्याला येतात तसे."