अर्धी पायवाट

“जरा हे टोक धराल का?”

तिनं वळून पाहिलं. भर दुपारी, मैदानाच्या मधोमध, उलटी टोपी घातलेला एक तरुण मोजायच्या टेपचं टोक तिच्यापुढे धरून उभा होता. तिच्या हातात झेरॉक्सचा गठ्ठा होता, मैदानापलीकडच्या वकिलांकडे वेळेत पोचवायचा. पण कुणी एक टोक हातात दिल्यावर दुसऱ्या टोकाचं काय होतं ते न बघता ती कशी जाणार? मावशी तिला उगाच नाही ‘चौकशी खिडकी’ म्हणत!

तिनं टोक धरलं. तो लांब लांब चालत गेला… चेहरा पार नखाएवढा झाला. मग टेप गुंडाळत परत आला, तसतसा चेहरा मोठा होत गेला. डाव्या गालावर खळी. फक्त डाव्या! उजव्या गालानं काय घोडं मारलं होतं?

“कशासाठी मोजताय?”

“नगरपालिकेतून आलोय. इथे पाच मजली पार्किंग व्हायचंय.”

मावशीच्या झेरॉक्सच्या दुकानाची खिडकी याच मैदानाकडे उघडत होती. ती चालायला शिकली ती इथे, सायकलवरून पडली ती इथे. तिनं मान उंचावून त्याच्या हातातला कागद वाचला. ‘जागेचा वापर : नाही. जागा रिकामी.’

“रिकामी?” ती उसळली. “रिकामटेकडे तुम्ही असाल!”

“अहो, तीन दिवस येतोय. रोज एक ते तीन. चिटपाखरू दिसत नाही.”

“एक ते तीन! एवढ्या उन्हात चिटपाखरूसुद्धा घरी झोपतं. मी जेवणाच्या सुट्टीत तुमच्या कचेरीत आले, तर ‘कचेरी रिकामी’ असं लिहून जाऊ का?”

त्याच्या डाव्या गालावर ती खळी पडली.

“अहवाल पुढच्या शुक्रवारी द्यायचाय,” तो म्हणाला. “मग कधी येऊ?”

“आज. पाच वाजता.”

तो पाचला आला. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला. तिसऱ्या दिवशी साडेचारलाच येऊन मावशीच्या दुकानात उगाच दोन खोडरबर घेतले. मैदानात उलट्या पावलांनी चालणाऱ्या दोन काकू होत्या, रजई उन्हात टाकून तिच्यावरच झोपलेले आजोबा होते, दोरीवरच्या उड्यांवरून भांडणाऱ्या चार चिमुरड्या होत्या. ती बोट दाखवायची, तो लिहायचा. मध्येच त्याची पेन्सिल थांबायची. तिनं त्याच्याकडे पाहिलं की भुर्रकन पुन्हा सुरू!

“मोजणीसाहेब,” मावशीनं खिडकीतून हाक दिली, “मैदान मोजून होतंय, की रोज वाढतंय?”

तो कानापर्यंत लाल झाला. ती मात्र ढगांकडे बघत होती. ढगांमध्ये काय होतं देव जाणे!

बुधवारी तो अचानक उकिडवा बसला. “ही पायवाट पाहिलीत?”

फाटकापासून गवतातून एक बारीक वाट निघत होती. सरळ, पट्टीनं आखल्यासारखी. आणि मैदानाच्या मधोमध… संपत होती. तिथे ना झाड, ना बाक, ना दगड. काही म्हणजे काहीच नाही.

वीस वर्षं समोर राहून ही वाट आपल्याला दिसली कशी नाही? चौकशी खिडकीचं नाकच कापलं गेलं!

“प्रेमात पडलेलं कुणी येत असेल,” ती म्हणाली, आणि स्वतःच जीभ चावली.

“छे. दोघं असती तर वाट रुंद असती. हा एकटाच माणूस आहे.”

“बराच अनुभव दिसतो.”

“वाटांचा,” तो हळूच म्हणाला. “दोघांचा… नाही अजून.”

संध्याकाळभर त्या वाटेनं कुणी आलं नाही. तेव्हा उरली पहाट. गुरुवारी साडेपाचला दोघं फाटकाजवळच्या कठड्यावर बसली. तिच्या थर्मासातला चहा, त्याची पातळ जाकिटातली कुडकुड, आणि मध्ये वीतभर अंतर. ती वीत दोघांनीही मनातल्या मनात मोजली असावी!

फाटक करकरलं. बाजारातल्या घड्याळाच्या दुकानाचे म्हातारे मालक आत आले. त्यांनी काठी फाटकाला अडकवली, दोन्ही हात मागे बांधले आणि ताठ मानेनं, झपाझप, त्या वाटेनं निघाले. मधोमध थांबले. वळले. परत आले.

“काका,” तिला राहवलं नाही, “तिथे काय आहे हो?”

“कोण? चौकशी खिडकी ना?” ते आवाजाच्या दिशेनं हसले. “तिथे काही नाही, पोरी. म्हणून तर येतो! तांदळाएवढे स्क्रू लावता लावता डोळे गेले. आता घरात खुर्च्या धडकतात, रस्त्यावर स्कूटर धडकतात, बागेत बाक. इथे एकशे चाळीस पावलं जायची, एकशे चाळीस यायची. अख्ख्या शहरात मला काठीशिवाय चालता येतं ते इथेच.”

ते गेले. थर्मासच्या झाकणात ओतलेला चहा गार झाला.

“म्हणजे तुमचंच बरोबर होतं,” ती पुटपुटली. “जागा रिकामीच आहे.”

त्यानं कागद काढला. नव्या खोडरबरनं एक शब्द खोडला. “मग इथे काय लिहू?”

तिनं खूप विचार केला. “मोकळी.”

“फरक काय?”

“रिकामी जागा कुणीतरी येण्याची वाट बघत असते. मोकळी जागा कुणाची वाट बघत नाही. ती तशीच पुरी असते.”

त्यानं ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं. मग म्हणाला, “साहेब मला कच्चा खाणार.”

शुक्रवार गेला. शनिवार, रविवार, आणखी एक आठवडा गेला. टेप नाही, टोपी नाही, खळी नाही! वकिलांच्या कागदाची पाठची बाजू तिनं तीनदा कोरी छापली.

“काय गं,” मावशी म्हणाली, “आज एकही प्रश्न नाही?”

एकच होता. तो मावशीला विचारण्यासारखा नव्हता.

त्या संध्याकाळी ती कठड्यावर जाऊन बसली, आणि समोरून तो आला. रिकाम्या हातांनी.

“साहेब भडकले,” तो धापा टाकत सांगू लागला. “म्हणाले, हा अहवाल आहे की निबंध? मग काल मी त्यांना पहाटे इथे आणलं. म्हटलं, डोळे मिटून चाला. एकशे चाळीस पावलं.”

“आणि?”

“चालले! मधोमध उभे राहिले, कितीतरी वेळ. परत येऊन म्हणाले, पंधरा वर्षांत एवढं सरळ चाललो नव्हतो. आज समितीत त्यांनीच शब्द टाकला. पार्किंग जुन्या गोदामांच्या जागी जातंय. हे मैदान… मोकळं.”

तिला ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं. पण तोंडून निघालं भलतंच. “म्हणजे तुमचं इथलं काम संपलं.”

“संपलं.”

तिकडे दोरीवाल्या चिमुरड्या मात्र अजून भांडतच होत्या.

“एक विचारू?” त्यानं टोपी काढून हातात घेतली. “तुझ्या शेजारची ही जागा… मोकळी आहे?”

*तुझ्या* म्हणाला! तिनं खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि मग सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “रिकामी आहे.”

त्याचा चेहरा पडला. एक क्षण… दोन क्षण… आणि मग त्याला ते वाक्य आठवलं. स्वतःच्याच अक्षरात लिहून घेतलेलं.

तो शेजारी येऊन बसला. मध्ये वीतसुद्धा न ठेवता. आणि तो असा काही हसला, की उजव्या गालावरही खळी पडली!