कोनं आनलं तुले?

स्वप्निल, मोबाइल खाली ठेव. आणि हसू नका कोणी. ही गोष्ट मला श्रावणनं सांगितली. आमच्या पेपरची गाडी तो वर्षानुवर्षं चालवायचा, थापा मारणारा माणूस नाही. मी बातमी लिहून दिली होती, संपादकांनी अर्धी कापली. ती कापलेली अर्धी आज ऐका.

गेल्या वर्षीची पौष अमावस्या. श्रावण रात्री चंद्रपूरहून सावलीला निघाला होता. जीपमध्ये नव्या पुस्तकाचे गठ्ठे आणि मागच्या सीटवर लेखक, बारसागडे सर. सकाळी सावलीत प्रकाशन होतं. या सरांनी समुद्रातल्या दूरदूरच्या बेटांवर पुस्तकं लिहिली. तिथले पक्षी, तिथली माणसं, तिथला इतिहास. समुद्र मात्र कधी पाहिला नाही! हे नवं पुस्तक आपल्या वैनगंगेतल्या एका बेटाचं. टिटवी अंडी कुठे घालते, पुरात कोणाची घरं वाहून गेली, सगळं होडी वल्हवणाऱ्या मैनाबाई ढिवरिणीनं सांगितलेलं. तिनंच डोंग्यातून सरांना बेटावर नेलं, आणलं. श्रावणही सोबत होता.

तिथल्या ढिवरांची एक रीत आहे. बेटावरून काठाला उतरलं, की ज्यानं आणलं त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. नाही घेतलं, तर नदीच्या लेखी तो माणूस बेटावरच राहिला. श्रावणनं घेतलं. सर नुसते हसले.

"घ्या ना सर," मैनाबाई म्हणाली. "अन् पुस्तकातई टाकजा. माह्या मांगं तेवढंच राहीन."

"बघू."

आषाढात ती गेली. पुस्तकात काय आलं? 'एका स्थानिक स्त्रीचे सहकार्य लाभले.' स्थानिक स्त्री! अरे, चोरी करायलाही काही लाज...

काय गं आचल? गोष्टीत अग्रलेख नको? बरं.

मूल गाव मागे पडलं. जंगल लागलं. श्रावणनं धीर करून विचारलं, "सर, बाईचं नाव काऊन नाई टाकलं?"

"पुस्तक मी लिहिलंय. तू गाडी चालव."

तेवढ्यात गाडी बंद पडली. दिवेही गेले.

आणि वल्ह्याचा आवाज आला. डांबरी रस्त्यावर.

चुबुक... चुबुक...

गाडी हलली. डोंगा हलतो, तशी.

मागून बाईचा आवाज.

"कोनं आनलं तुले?"

श्रावण ओरडला, "मैनाबाईनं! मैनाबाईनं आनलं मले!"



पुन्हा तोच आवाज. या वेळी सरांच्या अगदी जवळ.

"तुले कोनं आनलं?"

"सर, नाव घ्या! घ्या ना जी!"

सरांचा श्वास ऐकू येत होता.

"मी..." सर म्हणाले. "मी... माझा मी आलो."

"आलाच नाईस तू."

मग...

मग काहीच नाही.

उजाडलं तेव्हा जीप रस्त्याच्या कडेला उभी होती. दारं आतून बंद. मागची सीट रिकामी. तपासवाले म्हणाले, वाघानं नेलं. रक्ताचा थेंब नाही, ओरखडा नाही, काच फुटलेली नाही, आणि म्हणे वाघ!

दुपारी मी स्वतः त्या बेटावर गेलो. चारही बाजूंनी पाणी. पूल नाही, रस्ता नाही.

मधोमध, ओल्या रेतीत, जीपच्या चाकांचे ठसे होते.

आलेले.

परत गेलेले नव्हते.