जाळी बांधलेली बरणी

गुलछडीच्या बादलीत डोकं घालून एक तरुण उभा होता.

"फुलं वर आहेत," मंजुषा म्हणाली.

"मी पाणी बघतोय." त्यानं हसरे डोळे वर उचलले. "अळ्या झाल्यात."

कुणी ऐकलं तर नाही, म्हणून मंजुषानं चटकन इकडेतिकडे पाहिलं. नाशिकच्या गंगापूर रोडवर सोसायटीच्या दाराशी तिची फुलांची टपरी. सोसायटीत डेंग्यू शिरला होता आणि रविवारच्या सभेत टपरी हटवायचं घाटत होतं. मोबाइलवर रोज नवं ज्ञान यायचं. कुणी म्हणे डास घाणीतच होतात, कुणी म्हणे फुलांच्या देठातून निघतात.

"रोज ताजं पाणी घालते मी," ती फणकारली.

"जुनं ओतून?"

"...वरूनच."

तो मयूर. कीटकशास्त्र शिकत होता, आईसाठी फुलं घ्यायला आला होता. त्यानं थोडं पाणी काचेच्या बरणीत घेतलं, तोंडाला जाळी बांधली. "ऐकीव नको. डोळ्यांनी बघू."

मग तो रोज संध्याकाळी यायला लागला. अळ्या डोकं खाली करून लटकायच्या, हळूहळू त्यांचे वाकडे कोष झाले.

"कोषात गेली, की अळी काही खात नाही," मयूर म्हणाला.

"प्रेमात पडली असेल," मंजुषा बोलून गेली आणि जीभ चावून मोगरा मोजायला लागली. तो नुसता हसला. त्या हसण्यानं तिची झोप उडाली.

शनिवारी जाळीखाली पांढऱ्या पट्ट्यांचा, डेंग्यूचाच डास बसलेला दिसला. मयूरनं बादलीच्या आतल्या काठावर बोट ठेवलं. "अंडी इथं चिकटतात. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. वरून पाणी पडलं, की फुटतात."

सभेत मंजुषानं बरणी टेबलावर ठेवली. "चूक माझीच होती. बादल्या घासल्यात. आता तुमच्या कुंड्यांखालच्या ताटल्या बघा." चार ताटल्यांत अळ्या निघाल्या, आणि टपरी राहिली.

संध्याकाळी तिनं बरणी धुऊन पालथी घातली. टपरी वाचली होती, तरी तिला रडू येत होतं.

"आता बघायला काही नाही. म्हणजे तुम्ही..."

मयूरनं कोपऱ्यातला ब्रश उचलला. "बादल्या दर आठवड्याला घासाव्या लागतात. मी येत जाईन."

"किती दिवस?"

"डास संपेपर्यंत."

"नाशिकचे डास संपायचे नाहीत कधी."

"म्हणूनच तर," तो हळूच म्हणाला.

मंजुषानं एक बादली त्याच्यापुढे सरकवली.

"मग बस की. काठ नीट घास तू."