परत आलेला गाळ

"हाही गेला," वकील म्हणाला आणि उघडा पडलेला शिंपला त्याने पाटीत टाकला.

वकील म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. 'जेवायला चल' म्हटलं तरी तो उलटतपासणी घ्यायचा, म्हणून हे नाव. त्याच्याहून धाकटी चिमणी. तिची बडबड थांबायची ती फक्त झोपेत. सुट्टीला तिघं मावशीकडे आली होती. मावशीचा तराफा खाडीच्या तोंडाशी नांगरलेला होता. तराफ्याखाली पाण्यात दोर लोंबत आणि दोरांना चिकटून शिंपले वाढत. त्यांच्यावरच तिचं घर चालायचं. यंदा मात्र दोर वर ओढला की निम्म्याहून जास्त शिंपले मेलेले निघत होते.

"रोग पडलाय," मावशी म्हणाली. "उरलेले गेले की तराफा मोडायचा. दुसरं काय?"

भाजी संपली म्हणावं तसं तिने हे सांगितलं, आणि पाठ फिरवून एक चांगली बांधलेली गाठ उगीचच सोडून पुन्हा बांधत बसली. ताईला ते बघवेना.

चिमणीने एक शिंपला नाकाशी नेला. "शी, याला डिझेलचा वास येतोय."

ताईने त्यातला काळा चिखल बोटावर घेतला. चिखलात हिरव्या रंगाचे बारीक कपचे चमकत होते. जहाजांच्या बुडाला देतात तसला रंग. तो इथे कसा आला?

"हा बंदरातला गाळ आहे," ती हळूच म्हणाली. "मामाचं जहाज उपसतं तो."

मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ. बंदरात साचलेला गाळ उपसून तो समुद्रात नेऊन टाकणाऱ्या जहाजाचा कप्तान. तो राहायचा मावशीकडेच, जेवायचाही तिच्याच हातचं.

"गाळ लांब समुद्रात टाकतात," वकील म्हणाला. "पुरावा आहे का काही?"

"वाटेतच टाकत असतील. उद्या बघूच."

भाचरांना मामा कशाला नाही म्हणतो? दुसऱ्या दिवशी तिघं जहाजावर हजर. एक जाडजूड नळ बंदराच्या तळाचा गाळ ओढत होता आणि जहाजाच्या पोटातला हौद काळ्या चिखलाने भरत होता. जहाज निघालं. ताई डोळ्यांत तेल घालून बघत होती. पण मामा वाटेत कुठे थांबला नाही. नेमून दिलेल्या जागी, तरंगत्या पिवळ्या बोयापाशी पोचल्यावरच त्याने कळ दाबली. तळाची दारं उघडली, जहाज हलकं होऊन वर आलं आणि भोवतीचं पाणी काळं झालं.

"बघितलंत? हातभरसुद्धा इकडेतिकडे नाही," मामा ऐटीत म्हणाला.

"आरोपी निर्दोष," वकील ताईच्या कानात कुजबुजला. त्याला बरंच वाटलं होतं.

ताईने मात्र पिशवीतून मावशीचे कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे काढले. खेपा ओळखू याव्यात म्हणून निम्मे तांबडे रंगवलेले, निम्मे निळे. तांबडे तिने तिथेच पाण्यात फेकले. दुपारच्या खेपेला, त्याच जागी, निळे.

"आक्काने विचारलं तर माझं नाव सांगू नका हं," मामा हसत म्हणाला. मावशीला तो आक्का म्हणायचा.

संध्याकाळी तिघं तराफ्यावर गेली. दोरांमध्ये निळे चिमटे अडकले होते. तांबडा एकही नव्हता.

"सकाळी ओहोटी होती. तांबडे बाहेर समुद्रात गेले," ताई म्हणाली. "दुपारी भरती होती. निळे भरतीबरोबर आत आले."

"चिमटे तरंगतात. गाळ बुडतो," वकिलाने शेवटचा मुद्दा काढला.

"जड गाळ बुडतो. पाणी काळं करतो तो बारीक गाळ कुठे बुडला? तो पाण्याबरोबर इथे येतो. शिंपले पाणीच गाळून खातात रे. गाळाने गुदमरतात ते."

वकिलाने दोरात अडकलेला एक निळा चिमटा सोडवला. एखादा मिशीवाला बदमाश सापडला असता तर किती बरं झालं असतं!

"मामाला माहीतच नाही," चिमणी रडवेली होऊन म्हणाली. "मावशीला नका ना सांगू."

"आधी मामालाच सांगायचं," ताई म्हणाली. "तो एकटा असताना."

धक्क्याच्या पायऱ्यांवर मामाने सगळं ऐकून घेतलं. एक निळा चिमटा तो बराच वेळ उघडमिट करत राहिला.

"गाळ ओहोटीलाच टाकायचा, असं शिकवलं होतं आम्हाला," तो शेवटी म्हणाला. "पण ओहोटीची वाट बघत बसलं की खेपा कमी होतात. म्हटलं, जागा तर बरोबर आहे ना? एवढ्या समुद्राला काय होतंय?" त्याने चिमटा मुठीत धरला. "आई गेल्यावर आक्काने मला वाढवलं रे. याच शिंपल्यांवर."

मावशीला त्याने स्वतःच सांगितलं. बंदराच्या कचेरीत जाऊन तिथेही सांगितलं. तेव्हापासून गाळ टाकायचा तो ओहोटीलाच, असं ठरलं. कचेरीतले मोठे साहेब घरी येऊन मुलांची पाठ थोपटून गेले. शाबासकी मिळाली की वकील एरवी दिवसभर मिरवायचा. आज तो मान खाली घालून उभा होता.

मावशीने तिघांना जवळ घेतलं. "हुशार तर तुम्ही आहातच. पण चारचौघांत न बोलता आधी त्याच्या कानावर घातलंत, त्याचं मला जास्त कौतुक आहे."

"मावशी, शिंपले परत येतील?" चिमणीने विचारलं.

"खालचे सगळे गेले, बाळा. वरचे थोडे आहेत. बघू."

मग ती मेलेले शिंपले काढायला तराफ्यावर गेली. मामा मागोमाग गेला आणि कडेला उभा राहिला. मावशीने चिखलाने जड झालेल्या दोराचं टोक त्याच्याकडे दिलं.

"दोन्ही हातांनी धर," ती म्हणाली. "निसटेल."

मामाने दोर दोन्ही हातांनी धरला. गालांवरून पाणी ओघळत होतं, पण ते पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता. मावशीने आपल्या पदराने ते पुसलं आणि दोराचा खालचा भाग कापायला घेतला.