आठवं नाव

"तुम्हाला हाडं आवडतात का?"

लिझेट सीर त्या दुपारी कॉलेजच्या व्हरांड्यात दिसेल त्याला हेच विचारत सुटली होती. कुणी हसलं, कुणी वाट बदलून गेलं. एका मुलीने तर तिला वेड्यातच काढलं. शेवटी बाकावर बसून बटाट्याचा डोनट खाणारा एक उंच तरुण तेवढा उरला. बुटांना शेतातली वाळकी माती, कानामागे पेन्सिल.

त्याने डोनट मांडीवरच्या कागदावर ठेवला आणि नीट विचार केला.

"कुणाची?"

"माणसाची."

"ओळखीच्या माणसाची हवीत… की कुणाचीही चालतील?"

लिझेटला त्या क्षणी हसायचं नव्हतं. सकाळपासून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तरी ती हसली, आणि मग स्वतःवरच चिडली.

"थट्टा नाही करत मी. शरीररचनेचा संध्याकाळचा वर्ग आहे. सात नावं झालीत, आठ लागतात. उद्या दुपारपर्यंत आठवं मिळालं नाही, तर वेलेटबाई वर्ग मोडणार."

"मग सकाळच्या वर्गाला जा."

"सकाळी मी वृद्धाश्रमात कामाला असते."

"मग पुढच्या वर्षी—"

"पुढच्या वर्षी नाही!" तिचा आवाज चढला. पलीकडच्या खिडकीतून वेलेटबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. कोणता वर्ग कधी, कुठे आणि भरणार की नाही, हे सगळं कॉलेजात वेलेटबाई ठरवायच्या. लिझेटने आवाज खाली आणला. "हा वर्ग गेला की माझे बारा क्रेडिटचे आठ होतात. बाराच्या खाली पूर्णवेळ विद्यार्थी धरत नाहीत. फीची सरकारी मदत अर्धी होते. आणि ह्या विषयाशिवाय नर्सिंगला घेत नाहीत. म्हणजे… सगळंच जातं."

 तो ओशाळून म्हणाला, "मी डिझेलचा. ट्रॅक्टर, ट्रक वगैरे. आमच्याकडे हाडं नसतात हो."

"असू दे." ती वळली.

"ऐका ना!" त्याने डोनटचा न उष्टावलेला अर्धा तुकडा पुढे केला. "उपाशीपोटी वणवण करू नका. मी ओटिस. ओटिस लिंडस्ट्रॉम."

तिने तो तुकडा घेतला. भूक लागली होती, त्यात लाजायचं काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खिडकीपाशी गेली ती पाय ओढतच. वेलेटबाईंनी मान वर न करता सांगितलं, "नशीब काढलंस, पोरी. आठ झाले." लिझेटच्या जिवात जीव आला. आठवा कोण, हे विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

ते मंगळवारी संध्याकाळी कळलं. वर्ग सुरू होऊन पाच मिनिटं झाली, दार किलकिलं झालं, आणि कानामागच्या पेन्सिलीसकट ओटिस आत आला. रिकामी जागा एकच होती. तिच्या शेजारची.

"तुम्ही?" ती कुजबुजली.

"म्हटलं, बघू तरी… लोक एवढे कशासाठी धावतात."

"वेडा आहेस का तू?"

"तुम्हीवरून एकदम तू!" तो म्हणाला. "पहिल्याच तासाला चांगली प्रगती आहे माझी."

त्याला नावं अजिबात पाठ होत नसत. लिझेटच्या घरी फ्रेंच बोलत, त्यामुळे ती लांबलचक लॅटिन नावं तिच्या जिभेवर सहज बसायची. ओटिसच्या तोंडी त्यांचा पार चुराडा व्हायचा. पण त्याच्या हातात एखादा सांधा दिला की तो तासभर रमायचा. "हा गुडघा बघ. एवढं वजन पेलायचं, वर वळायचं, आणि ग्रीस घालायला कुठे भोकसुद्धा ठेवलेलं नाही!" मग कानामागची पेन्सिल काढून तो असं हुबेहूब चित्र काढायचा की शिक्षकही वाकून पाहायचे. लिझेट मात्र चित्र सोडून त्याच्या हातांकडे पाहायची. नखांत तेल, बोटांवर जुने ओरखडे, आणि हाडाला धरणं मात्र इतकं हलकं, की जणू समोरच्याला दुखेल म्हणून जपतोय.

बाहेर सप्टेंबरचा पाऊस काचेवर बोटं वाजवायचा. वर्ग सुटला की तो तिच्या जुन्या गाडीपर्यंत यायचा, गाडी सुरू होईपर्यंत कान देऊन उभा राहायचा आणि डॉक्टरसारखं म्हणायचा, "खोकतेय, पण जगेल."

लिझेटच्या आठवड्यात रिकामा चौकोन नव्हता. पहाटे वृद्धाश्रम, दुपारी वर्ग, रात्री अभ्यास. प्रेमात पडायचं म्हटलं तरी कधी पडायचं, हा प्रश्नच होता. तरी हल्ली सोमवारपासूनच तिला मंगळवारची हुरहूर लागायची. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या मिसेस डेग्लची वेणी घालताना ती मध्येच थांबायची, आणि म्हातारी आरशातून विचारायची, "कोण गं तो?"

तिसऱ्या मंगळवारी ते दोघं सांगाड्याचा पाय मोकळा करून बसले होते. ओटिस सहज बोलून गेला, "हायड्रॉलिक्स, ते तेलाच्या दाबावरच्या यंत्रांचं, सोडलं ना मी ह्याच्यासाठी. चार क्रेडिट गेले, चार आले. बाराचे बाराच."

लिझेटचा हात थांबला.

"ओटिस… डिझेलला हाडं लागतात?"

"कशाला लागतील?"

"मग ती धरत नाहीत!"

"म्हणजे?"

"अरे, तुझ्या शिक्षणाला जे लागतं तेवढंच मोजतात! बाकीचं तू हौसेने शिकतोस, त्याला मदत नाही. तुझे बारा नाहीत. आठ आहेत. आणि येत्या सोमवारी मोजणी. सोमवारी जे असेल त्यावरून मदत ठरते."

ह्या कॉलेजात शिकणाऱ्या माणसाला हा नियम पाठ असतो, निदान असायला हवा. पण ओटिसने बेरीज केली होती आणि बेरीज बरोबर आली होती, तेवढ्यावर गडी खूश होता. आता तो हातातल्या हाडाकडे पाहत राहिला. अर्धी मदत म्हणजे नाताळनंतर त्याचं कॉलेज बंद, हे त्यालाही कळत होतं, तिलाही.

"ठीक आहे," तो हसून म्हणाला. "बटाटे आहेतच."

त्या हसण्याने लिझेटला रडू फुटायचं बाकी राहिलं. आपण वर्गासाठी व्हरांड्यात हात पसरला आणि ह्या भल्या माणसाने त्यात आपलं वर्ष टाकलं.

"तू हा वर्ग सोड," ती म्हणाली.

"नाही."

"का पण?"

"आवडतात मला."

"काय, हाडं?"

 त्याने गुडघा परत जागेवर बसवला, आणि तो उलटा बसवला.

दुसऱ्या दिवशी कामावरून लवकर सुटून ती वेलेटबाईंच्या खिडकीपाशी उभी राहिली. कुणाचं नाव तिने घेतलं नाही, आणि बाईंनीही विचारलं नाही.

"सुरू झालेला वर्ग एक जण गेला म्हणून मी मोडत नाही," बाई म्हणाल्या. "हाडं सुरक्षित आहेत तुझी. पण हायड्रॉलिक्स भरलाय. आता मधेच कुणाला घुसवता येत नाही."

"मग दुसरा काढा."

"कधी काढू?"

"काढणी झाल्यावर. ऑक्टोबरात, शनिवारी."

वेलेटबाईंनी चष्मा काढला. त्यांच्या अरूस्टुक परगण्यात बटाटे निघायला लागले की शाळांनासुद्धा सुट्टी असते. कॉलेजला नसते, कारण मदतीचे नियम वॉशिंग्टनहून येतात आणि तिथे बटाटे फक्त ताटात दिसतात. दर वर्षी शेतावर जाणारी मुलं मधेच वर्ग टाकायची, बाराखाली घसरायची आणि गायब व्हायची. बाई दर वर्षी हळहळायच्या.

"आठवडे कमी, तास लांब," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "तास पूर्ण भरले की क्रेडिट पूर्ण. नाव सोमवारच्या आत आलं तर मोजणीत धरतील, मदत वर्ग सुरू झाल्यावर हातात पडेल. होईल, पोरी. होईल! पण नावं—"

"आठ," लिझेट म्हणाली.

"शिकवते कोण गं तुला हे सगळं?" बाई हसल्या.

मग काय, पुन्हा वणवण! ह्या वेळी "तुम्हाला हायड्रॉलिक्स आवडतं का?" पेट्रोल पंपावर, चर्चच्या जेवणात, यंत्रामागे वाकलेल्या पोरांना शेताच्या कडेला उभं राहून. दोघांनी दात काढले. पण बाकीच्यांना काढणीमुळे वर्ग सुटण्याची धास्ती होतीच. शुक्रवारी सकाळपर्यंत सहा जणांनी नावं घातली.

शुक्रवारी पाऊस लागला आणि शेतं बंद पडली. लिझेटची गाडी खोकत खोकत लिंडस्ट्रॉमांच्या बटाट्याच्या कोठारापाशी थांबली. आत ओल्या मातीचा गार वास होता. एक दणकट म्हातारा, ओटिसचा बाप, पट्ट्यावरून सरकणाऱ्या बटाट्यांतून दगड वेचत होता.

"मिस्टर लिंडस्ट्रॉम? तुम्हाला हायड्रॉलिक्स आवडतं का?"

"चाळीस वर्षं भांडतोय त्याच्याशी. आवडायचा प्रश्नच येत नाही." त्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तूच का ती? हाडांची?"

लिझेटचे कान तापले. "तो… घरी बोलतो?"

"बोलतो कसला! जेवताना कोंबडीची तंगडी उचलतो आणि नावं सांगत बसतो. घास उतरत नाही घशाखाली."

तिने सगळं सांगितलं. बारा, आठ, सोमवार. म्हाताऱ्याने पट्टा बंद केला. एकदम शांत झालं. पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता.

"मी म्हटलं होतं, पोरगा मूर्ख आहे," तो म्हणाला. "त्याची आई म्हणाली, मूर्ख नाही, प्रेमात पडलाय. मला तर दोन्ही सारखंच दिसतं. घाल माझं नाव. माझे पैसे, माझी हौस. पण गृहपाठ करणार नाही, सांगून ठेवतो."

"झाले सात," लिझेट म्हणाली.

"आणि आठवा?"

आठवा दारात उभा होता. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. किती वेळ, कोण जाणे.

"मी हायड्रॉलिक्स घेतो," ओटिस म्हणाला. "पण हाडंही ठेवतो."

"काढणीत सलग मंगळवार बुडतील. नापास होशील. आणि नापासाचा डागही मदतीत धरतात."

"धरू देत."

"ओटिस, ऐक ना—"

"तू ऐक!" तो पुढे आला. डोळ्यांत पाणी होतं की पाऊस, तिला कळेना. "तू पहाटे कामावर. दुपारी वर्गात. रात्री पुस्तकात. तुझ्या सगळ्या आठवड्यात माझ्यासाठी तेवढीच जागा होती, मंगळवार संध्याकाळ. तीसुद्धा मी नाव नोंदवून मिळवली. ती सोडली तर… मग मी तुझा कोण?"

 इतकी वर्षं लिझेट एकेक तास जपत, राखत आली होती. कुणी त्या तासांच्या दाराशी असं रांगेत उभं राहिलं असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आणि तिला आतून कळून चुकलं की, हा गेला तर बारा क्रेडिट, नर्सिंगची जागा, सगळं मिळूनही तिला घरी एकटंच जायचं आहे.

तिने त्याची ओली बाही पकडली.

"वेड्या, माझ्याकडे यायला नाव नोंदवावं लागत नाही. आवडतोस तू मला. पहिल्या अर्ध्या डोनटपासून. वर्ग सोड, ओटिस… मला नको सोडूस."

 म्हातारा खाकरला, पट्टा पुन्हा सुरू केला आणि पाठ फिरवून बटाट्यांशी बोलल्यासारखा म्हणाला, "लिहा रे लवकर ते आठवं नाव. सोमवार काही थांबत नाही."

सोमवारी वेलेटबाईंनी खिडकीतूनच अंगठा वर केला. ओटिस लिंडस्ट्रॉम, बारा. धरले.

मंगळवारी शेजारची खुर्ची रिकामी होती. लिझेटने त्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली, मग काढली. गुडघा अजून उलटाच होता. तिने तो सुलटा केला नाही. नावं पाठ येत होती, पण ऐकायला कुणी नव्हतं, आणि तिला ते फार लागलं. योग्य तेच करूनही असं रितं वाटतं, हे तिला नवीन होतं.

वर्ग सुटला. बाहेर धुकं उतरलं होतं. तिच्या गाडीशेजारी चिखलाने माखलेला पिकअप उभा होता, आणि आत, दिवसभर बटाटे काढून, ओटिस स्टिअरिंगवर डोकं ठेवून गाढ झोपला होता. तिने काचेवर टकटक केली. तो दचकून उठला. शेजारी कागदात डोनट होते, अजून कोमट.

ती आत बसली.  तो डोळे चोळत म्हणाला, "आज काय शिकलात?"

"हात."

"मला शिकव."

तिने त्याचा पंजा उलगडून आपल्या मांडीवर घेतला आणि एकेका बोटावरून आपलं बोट फिरवत नावं सांगत गेली. तो एकही नाव लक्षात ठेवत नव्हता, हे तिला दिसत होतं.

"ह्या तासाचे किती क्रेडिट?" त्याने विचारलं.

"हे कुणी धरत नाही," लिझेट म्हणाली, आणि तिने त्याचा हात घट्ट धरला.