सायकलवाल्याच्या बाजूने

इअरफोनची पिन नीट बसली नव्हती, एवढंच. पण त्या एवढ्याशा चुकीमुळे व्यायामाच्या अख्ख्या हॉलला ऐकू गेलं, की कोणीतरी मुलगी कोरियन भाषेत हमसून हमसून रडते आहे.

बाकावरच्या पुटपुटीने घाईघाईने फोन पोटाशी धरला. कानशिलं तापली. समोरच्या पलंगावर तिची आत्या नवा बसवलेला गुडघा वाकवायला शिकत होती. तिला घेऊन येणं आणि तिचं होईपर्यंत मालिका बघत बसणं, हे पुटपुटीचं काम. पुटपुटी हे काही खरं नाव नव्हे. लहानपणापासून बोलणं ओठांतल्या ओठांत, म्हणून घरच्यांनी पाडलेलं. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची, तिथेही गिऱ्हाइकं पुन्हा पुन्हा ‘काय म्हणालात?’ विचारायची.

“आता पाऊस येणार,” तिच्या मागून कोणीतरी म्हणालं.

“अं...?”

आत्याला व्यायाम देणारा डॉक्टर होता. हातात रबरी पट्टा, डोळ्यांत हसू. “ती रडतेय ना? मग पाऊस येणारच. आणि मागून छत्री.”

तिने फोन हळूच सरळ केला. पाऊस लागला होता. छत्रीसुद्धा येऊन उभी होती...

“तुम्ही बघता?”

“छे! माझी बहीण बघते. मी आपला टीव्हीसमोरून ये-जा करतो.”

“ये-जा करणाऱ्याला बरंच ठाऊक आहे हो,” आत्या पलंगावरून म्हणाली. “पुटपुटे, आण तो फोन इकडे. छत बघून बघून जीव विटलाय माझा.”

फोन आत्याच्या पायाशी उशीला टेकून उभा राहिला आणि नवल घडलं. एरवी पाय जरा वाकवला की ‘मेले, मेले’ करणारी आत्या, खाली उमटणारं भाषांतर वाचत गोष्टीत गुंगली की हूं की चूं करेना. डॉक्टरने त्या दिवसापासून मालिकेला औषधाचा दर्जाच देऊन टाकला. आत्यानेही त्याला एक पदवी दिली, अर्थात पाठीमागे. वाकव्या.

मालिका होती एका लाँड्रीवालीची. तिच्यावर दोघांचा जीव. एक श्रीमंत आणि तिरसट, त्याचं नाव आत्याने ठेवलं ‘साहेब’. दुसरा तिचा लहानपणचा मित्र. रोज सकाळी तो तिच्या सायकलच्या चाकांत हवा भरायचा आणि गुपचूप निघून जायचा. तो ‘सायकलवाला’.

आणि मग जे वाद पेटले!

“हात हातात घ्यायला यांना डझनभर भाग लागतात,” शेजारच्या पलंगावरचे काका कुरकुरायचे. त्यांचा खांदा आखडलेला आणि मतं त्याहून आखडलेली. “तेवढ्यात आमचं लग्न ठरलं, झालं, आणि पहिलं भांडणसुद्धा उरकलं होतं.”

“म्हणूनच वहिनी तुम्हाला इथे सोडून लगबगीने पळतात,” आत्या म्हणायची.

वाकव्याचं दुखणं वेगळंच. “बघा, साहेबाने पुन्हा मनगट धरून ओढलं तिला! खांदा निखळेल अशाने. आणि काल तिला पाठीवर घेतलं, तेही गुडघे न वाकवता. उद्या हा माझ्या पलंगावर येऊन पडणार.”

“तो प्रेमात आहे,” पुटपुटी म्हणाली.

“प्रेमात माणसाचा मणका बदलत नाही.”

ती खळखळून हसली. आत्याने मान वळवून भाचीकडे पाहिलं, मग वाकव्याकडे, आणि पुन्हा मालिकेत डोकं घातलं. डोकं तिथे होतं. लक्ष कुठे होतं, सांगणं कठीण.

हळूहळू असं झालं, की पुटपुटी पाणी प्यायला उठली तर तो मालिका थांबवून ठेवायचा. आत्याच्या गुडघ्याला हात लावण्याआधी तळवे एकमेकांवर चोळून गरम करायचा... आणि तिला ते रात्री आठवायचं. उगीचच.

“मला तर साहेबच पटतो,” एकदा तो म्हणाला. “निदान बोलतो तरी. तुमचा सायकलवाला हवा भरतो आणि जातो. तिला कळणार कसं?”

“कळायला हवं. सगळं बोलूनच दाखवायचं का?”

“तिला वाटतं, टायर चांगले आहेत.”

काकासुद्धा हसले. पुटपुटीला मात्र हसू येईना. “आणि तो बोलला, आणि ती नाही म्हणाली तर?” तिने विचारलं. “आत्ता निदान रोजची सकाळ तरी आहे त्याच्याकडे...”

बोलून गेल्यावर तिला कळलं, की आपण सायकलवाल्याबद्दल बोलत नव्हतो. वाकव्या नीट गुंडाळलेला पट्टा पुन्हा उलगडून गुंडाळत बसला.

त्यानंतर आत्याचा गुडघा हटून बसला. रोज थोडा थोडा पुढे सरकणारा पाय एकाच जागी अडला. वाकव्या कोन मोजायची पट्टी लावायचा, कपाळाला आठ्या घालायचा. आत्या डोळे मिटून कण्हायची. “अजून महिनाभर तरी यावं लागेल ना रे?” असं क्षीण आवाजात विचारायची. पुटपुटीला काळजी वाटायची. काळजीच्या तळाशी थोडा आनंदही असायचा, आणि त्याची लाज वाटायची.

अशात तो भाग आला. सायकलवाला शहर सोडून निघाला होता. लाँड्रीवाली ओल्या हातांनी बसथांब्याकडे धावत सुटली. आत्याने श्वास रोखला, दोन्ही हातांनी गुडघा छातीशी ओढून घेतला, त्यावर हनुवटी टेकवली आणि डोळे पुसू लागली.

वाकव्याचं लक्ष मालिकेवरून गुडघ्यावर गेलं.

“काकू,” वाकव्या म्हणाला, “हा गुडघा कधीपासून असा वाकतोय?”

आत्याने पायाकडे असं पाहिलं, जणू तो शेजाऱ्यांचा आहे. “आजच की! चमत्कारच म्हणायचा.”

“मागच्या आठवड्यात चप्पल पलंगाखाली गेली होती, तेव्हाही वाकला होता. मी पाहिलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं मी.” त्याचा आवाज कोरडा झाला. “तुमचे उपचार संपले, काकू. उद्यापासून यायची गरज नाही.”

पुटपुटीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

लिफ्टमध्ये पुटपुटीने इअरफोन गुंडाळून पर्समध्ये कोंबला. आत्या मात्र धुमसत होती. “मी मेली कोणासाठी कण्हत होते? म्हटलं, दिवस वाढले की दोघांपैकी कोणीतरी तोंड उघडेल.”

“त्याला आपण नकोसे झालो होतो, आत्या.”

“असं तो म्हणाला?”

“नाही.”

“तू विचारलंस?”

“...नाही.”

“वा! दोघांचेही टायर चांगले आहेत.”

खाली पोचल्यावर पुटपुटीने आत्याला पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसवलं. लिफ्ट पुन्हा वर निघून गेली होती. क्षणभर ती बंद दाराकडे बघत राहिली, मग जिन्याने धावत सुटली. आत्ता नाही तर कधीच नाही, एवढंच डोक्यात होतं.

हॉलमध्ये एकच पडदा ओढलेला होता. पडद्याखाली वाकव्याचे असतात तसे पांढरे बूट दिसत होते. तिने डोळे मिटून घेतले.

“मी मालिका बघायला येत नव्हते,” ती म्हणाली. इतक्या मोठ्याने, की तिचं तिलाच नवल वाटलं. “पुढचे सगळे भाग मी घरी बघून टाकले होते. इथे फक्त तुम्ही काय म्हणता ते ऐकायला यायचे. तुम्ही... तुम्ही मला आवडता. नाही म्हणालात तरी चालेल. म्हणजे... चालणार नाही, पण मी सहन करीन.”

पडदा सरकला. आत खांदेवाले काका उभे होते, एक हात व्यायामाच्या दोरीला अडकलेला.

“पोरी, ऐकून फार बरं वाटलं,” ते गंभीरपणे म्हणाले. “पण माझं लग्न झालंय. तो मघाशीच लिफ्टने खाली पळाला. तुझ्याच मागे.”

जमीन दुभंगली असती तर तिने त्या दोरीला धरून खाली उडी घेतली असती. तेवढ्यात दारातून धाप लागल्याचा आवाज आला. वाकव्या चौकटीला टेकून उभा होता.

“काकूंनी... परत वर पाठवलं,” तो म्हणाला. “शेवटचं तेवढं ऐकू आलं. पुन्हा म्हणाल?”

“नाही.” तिचा आवाज पुन्हा ओठांत शिरला.

“मग मी बोलतो.” तो दोन पावलं पुढे आला. “उपचार चालू असताना पेशंटच्या घरच्यांशी असलं काही बोलायचं नाही, असा आमचा नियम आहे. म्हणून ठरवलं, गुडघा बरा झाला की बोलायचं. तर गुडघाच बरा होईना! आणि झालेला दिसला, तेव्हा... भीती वाटली. तुम्ही नाही म्हणालात, तर तुमचं येणंही जाईल. म्हणून आणखी आठवडाभर गप्प बसलो. बाजू साहेबाची घेतो, पण आहे सायकलवालाच.” त्याने तळवे एकमेकांवर चोळले आणि एक हात पुढे केला. “मला तुम्ही फार आवडता.”

तिने हात दिला. त्याचा तळवा गरम होता आणि तिचा गार. दोघांनाही पुढे काय करायचं ते सुचेना. काकांनी मान वळवून दोरी ओढायला सुरुवात केली, नेहमीपेक्षा जास्त जोरात.

जिन्यात कठडा धरल्याची खरखर झाली. पाठोपाठ आत्याचं डोकं वर आलं, मग आत्या.

“काकू!” वाकव्या ओरडला. “अख्खा जिना चढलात? कोणाला विचारून...”

“लिफ्ट येईना, आणि मला राहवेना.”

तो आणखी काही बोलणार, तोच पुटपुटीने त्याचा हात घट्ट दाबला.

“तिला ओरडायचं नाही हं,” ती म्हणाली, अगदी खणखणीत. “ती आता तुझी पेशंट नाही.”