एकाच खेळाडूचे टेबल

सर्व वाचकांस नम्रपणे कळवितो की, पुढे मी जी हकीकत निवेदन करणार आहे ती शब्दशः सत्य आहे. ती माझ्या सख्ख्या मावशीच्या स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांदेखत घडली. ज्यांना अशा गोष्टींचे हसू येते त्यांनी येथेच थांबावे. माझा राग नाही.

स्थळ बर्लाद शहर, स्टेशनामागची गल्ली. दिवस ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाआधीचा, मृतांच्या नावाने दान करण्याचा शनिवार.

रात्र नव्हती. भर दुपार होती. छपरावरचे बर्फ वितळून खाली ठिबकत होते.

हे मुद्दाम नमूद करतो. अंधारात माणसाला काहीही दिसू शकते...

मावशीचे नाव अग्लाया. तिचा एकुलता मुलगा लेओन्ते मागच्या शरदात वारला. तो ऑनलाइन पोकर खेळत असे. खरे तर दुसरे काहीच करीत नसे. मावशी सूपाचा वाडगा त्याच्या कोपराशी ठेवी आणि थंड झालेला उचलून नेई. ती शेजारी टेकली रे टेकली की तो लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीत जाई. भांडण नाही, शिवी नाही. नुसता उठून जाई. अखेर खेळता खेळताच त्याचे हृदय थांबले. सूर्यफुलाच्या बिया मुठीत तशाच होत्या.

त्याच्या शेवटच्या वर्षात तो आईशी एक वाक्य धड बोलला नाही. मावशीला मरणापेक्षा तेच अधिक लागले होते.

आमच्याकडे मृताच्या नावाने वस्तू दान करतात. टॉवेल, वाडगा, कोट, जे द्याल ते त्याला तिकडे वापरायला मिळते. घेणाऱ्याने मात्र आभार मानायचे नसतात. "बोग्दाप्रोस्ते" म्हणायचे असते, म्हणजे देव त्याला क्षमा करो. तो शब्द उच्चारला की वस्तू मृताची झाली. आभार मानले, तर ती इकडेच अडकते.

त्या दुपारी मावशीने गोड शिजवलेले गहू वाटले, पाव वाटले, आणि माझा धाकटा भाऊ दोरिन याच्या हातात लेओन्तेचा लॅपटॉप ठेवला. त्यावर पेटती मेणबत्ती.

शेजारीण प्रोफिरा दबक्या आवाजात म्हणाली, "अगं अग्लाया, कोट दे, बूट दे. हे कसलं दान?"

"मग तिथं तो काय करील? नुसता कोट घालून बसेल?"

दोरिन गांगरला. कारखान्यातून कमी केल्यापासून तो तसाही गांगरलेलाच असे. त्याच्या तोंडून निघून गेले, "आभारी आहे, मावशी."

प्रोफिराने छातीवर क्रुसाची खूण केली. "अरे, तो शब्द म्हण ना!"

"जाऊ द्या हो काकू. कॉम्प्युटरला काय कळतंय?"

विषय तेथेच थांबला.

मंडळी गेली. मी मात्र राहिलो, कारण मावशीची मातीची शेगडी धूर टाकीत होती आणि शेगड्या बांधणे हाच माझा व्यवसाय आहे. दोरिनने टेबलावर लॅपटॉप उघडला. त्याला पोकर शिकायचे होते. दान करण्याआधी दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाने आतले सगळे पुसून दिले होते. लेओन्तेचे नाव, खाते, खूण... काही शिल्लक नव्हते.

मला वाटले, मावशी चिडेल. तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या मागे बसली.

"बघू दे तरी," ती म्हणाली. "एवढं काय असतं त्यात."

"दादा, नवशिक्यानं डोळे मिटून साइट घ्यायची नसते," दोरिन मला समजावू लागला. "सरकारी परवाना बघायचा. जिंकलेलं सहज काढता येतं का ते बघायचं. मदत मागितली तर आपल्या भाषेत उत्तर देतात का, तेही. आणि खोट्या नाण्यांवर शिकायचं टेबल हवंच. पहिल्याच दिवशी मोठं बक्षीस दाखवणारी साइट असेल, तर तिकडे फिरकायचंच नाही."

"एवढी चौकशी लग्नाच्या वेळी केली होतीस का?" मी विचारले.

"लग्नात तिनं मला निवडलं, दादा. परवाना न बघता. म्हणून तर इटलीत जाऊन बसली."

मावशीसुद्धा हसली.

बराच वेळ शोधून त्याने एक साइट निश्चित केली. ती त्याच हिवाळ्यात सुरू झालेली होती. लेओन्ते गेल्यानंतर. हे मी पुढे स्वतः खात्री करून घेतले आहे.

दोरिनने "सुतार" असे नाव घेतले आणि तो शिकाऊ टेबलावर बसला. सगळ्यांच्या चौकटीत नाव आणि चित्र. खोटी नाणी. खेळ सुरू झाला.

थोड्या वेळाने एक खेळाडू उठला. मग दुसरा. मग बाकीचेही...

एकच चौकट भरलेली राहिली.

तिच्यात नाव नव्हते. चित्रही नव्हते.

टक्...

मला वाटले, शेगडीची माती तडकली. मी हात लावून पाहिला. शेगडी मी मघाच विझवली होती, ती गार होती.

टक्... टक्...

दातांखाली बी फोडल्याचा आवाज. लॅपटॉपमधून येत होता. दोरिनने आवाज पूर्ण बंद केला.

टक्...

मी पडद्याच्या कोपऱ्यात वाचले. "टेबलावर खेळाडू : एक".

"दोरिन, एक म्हणजे कोण?"

"मी."

"मग त्या चौकटीत?"

टेबलावर एकटाच खेळाडू असेल तर पत्ते वाटलेच जात नाहीत, हे दोरिननेच मला मघाशी सांगितले होते.

पत्ते वाटले जात होते.

दोरिनला वाईट पत्ते आले. तेवढ्यात खाली एक ओळ उमटली...

"भोपळ्या, वाईट पत्ते आले की अजून कान खाजवतोस?"

दोरिनचा हात कानावरच होता.

भोपळ्या हे नाव लेओन्तेने लहानपणी दोरिनच्या मोठ्या डोक्यावरून ठेवले होते. घराबाहेर ते कोणालाही ठाऊक नाही.

दोरिन ताडकन उठला. "दादा, मी म्हणतो तो शब्द. आत्ता म्हणतो. बोग्..."

मावशीने त्याच्या तोंडावर हात दाबला.

"गप! म्हणालास तर जाईल तो!"

"अगं, जायलाच हवा, मावशी! मेलाय तो!"

"मेलाय ते मला सांगतोस? मी अंघोळ घातलीय त्याला." तिचा आवाज चिरकला. "इतकी वर्षं भिंतीपलीकडे होता, तेव्हा तरी कुठं होता? आज समोर आलाय. विचार त्याला."

"काय विचारू?"

"म्हण, आई इथं बसलीय. आईशी दोन शब्द बोलतोस का, विचार."

दोरिनने तसे लिहिले.

टक् आवाज थांबला.

नाव नसलेल्या चौकटीखाली, खेळीसाठी मिळणाऱ्या वेळेची हिरवी पट्टी हळूहळू आटू लागली. मावशी पुढे वाकली. तिचे ओठ हलत होते. मी देवाचे नावसुद्धा घेऊ शकलो नाही...

पट्टी संपली.

शेजारच्या खोलीत खुर्ची मागे सरकली.

वाचकहो, त्या खोलीत खुर्ची नव्हती. दफनाच्या दिवशीच मावशीने ती दान केली होती.

चौकट रिकामी झाली.

"उठला," मावशी म्हणाली. एवढेच. मग तिने टेबलावरचे गव्हाचे दाणे एकेक करून वेचले.

दोरिनने त्यानंतर पत्त्यांना हात लावला नाही. वसंतात तो बायकोकडे इटलीला गेला. जाण्यापूर्वी मावशीने त्याला आठवडाभर जवळ बसवून घेतले होते. जोडी मोठी की तीन सारखे मोठे, कधी टिकायचे, कधी पत्ते टाकून द्यायचे, सगळे विचारून घेतले. लॅपटॉपही ठेवून घेतला. साइट तीच. खेळण्यासाठी नाव मात्र एका परक्या पुरुषाचे घेतले.

तो शब्द दोरिननेच म्हणायला हवा. हातात वस्तू त्याने घेतली होती. मी फोनवर कितीदा विनवले. तो म्हणतो, "मावशीला विचार, मग म्हणतो." मावशीला विचारण्याचे धैर्य मला होत नाही. पाद्रीबाबांनाही मी काही बोललो नाही. हे पुण्य आहे की घोर पाप, याचा निर्णय माझ्या अल्पबुद्धीला होत नाही, आणि त्यामुळे झोप नीट लागत नाही.

मागच्या महिन्यात तिच्या शेगडीचे धुराडे साफ करायला गेलो होतो. मावशी चष्मा लावून पडद्यासमोर बसली होती. तिने मला हातानेच बसायची खूण केली.

टक्...

"आला होय?" मी विचारले.

"रोज येतो." तिचा चेहरा मी असा उजळलेला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "शिव्या घालतो मला. आत्ताच म्हणाला, गाढवा, तुला पोकर कोणी शिकवलं? मग बसून समजावून सांगितलंन सगळं. किती बोलतो रे तो, तोदेर! मला माहीतच नव्हतं."

"मावशी... तू कोण आहेस, ते सांगितलंस का त्याला?"

तिने घाईने माझ्याकडे पाहिले. जणू तो ऐकेल.

"वेड लागलंय का तुला?" ती पुटपुटली. "सांगितलं तर उठून जाईल."

आपण ही हकीकत शेवटपर्यंत वाचलीत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
तोदेर बुर्लाकू
शेगड्या बांधणारा, बर्लाद